माझ्या हातच्या चौदा मोटारी

२ एप्रिल, रविवार. सकाळी १०.

आईचा फोन. महिनाअखेरीला ती लहान घरात राहायला जातेय. काचेचं कपाट तिथे मावणार नाही. त्यातल्या चौदा मॉडेल मोटारींचं काय करायचं, ताईला विचारू का, म्हणाली. मला हसूच आलं. ताईला कशाला? मोटारी मी केल्या. वयाच्या सातव्या वर्षी, एका उन्हाळ्यात, एका जागी बसून. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी असली, तरी कवळ्या बनवण्यात तिचा जन्म चाललाय. तिचा कलेशी काय संबंध.

आई बराच वेळ गप्प. तिच्याकडे रेंज कमी असते. मग म्हणाली, पंधरावं खोकंही आहे, न उघडलेलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, ३० तारखेला पंधरावी मोटार तयार करून आणतो आणि सगळ्या घेऊन जातो. आई म्हणाली, बरं.

पंधरावं खोकं तेव्हा तसंच का राहिलं असेल? कुठे थांबायचं हे मला लहानपणापासून कळत असावं.

३ एप्रिल, सोमवार.

ऑफिसच्या भित्तिपत्रकासाठी लेख दिला. 'माझ्या हातच्या मोटारी'. गेली बावीस वर्षं मी तपासणी विभागात इतरांच्या कामावर शिक्के मारतोय. माझ्या स्वतःच्या हातात काय आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. लेख लिहिताना तो गोंदाचा वास आठवला, सुटे भाग पसरलेलं ते वर्तमानपत्र आठवलं, दर शनिवारी बाबा नवीन खोकं आणायचे ते आठवलं. डोळ्यांत पाणी आलं. भाग प्रत्यक्ष चिकटवतानाचं मात्र फारसं आठवत नाही. तल्लीन झालेल्या माणसाला आठवत नसावं.

संकल्प: रोज एक तास मोटार. आठवड्यात विषय संपला पाहिजे.

५ एप्रिल, बुधवार.

आईकडून खोकं आणलं. बासष्ट भाग, प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले, प्रत्येकाला नंबर. खोक्यावर लिहिलंय, वय दहा वर्षे व पुढे. मी सातव्या वर्षीच करत होतो, यावरून काय ते समजावं.

आत गोंदाची नळी होती. एकोणचाळीस वर्षांत वाळून खडा झालीय. एक माहितीपत्रकही आहे. ते बाजूला ठेवलं. सरावलेल्या माणसाला त्याची गरज नाही.

आज तास झाला नाही. फक्त पाहणी केली.

८ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी ७.

सकाळपासून तयारी. भिंग असलेला दिवा, तीन प्रकारचे चिमटे, एप्रन आणि झटपट चिकटणारा गोंद आणला. जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. बायकोने विचारलं, जेवायचं कुठे. मी म्हटलं, महिनाभराचाच प्रश्न आहे. परवा आठवडा म्हणत होतात, असं ती म्हणाली. ती शब्दात पकडते.

एप्रन घालून फोटो काढला. मग उजेड गेला.

९ एप्रिल, रविवार.

प्रारंभ. चारही चाकं बसवली. अकरा मिनिटांत. हातचा मळ म्हणतात तो हा.

चाकं फिरत नाहीत. आधी त्यांच्यामधून दांडा घालायचा होता, हे नंतर लक्षात आलं. पण कपाटात ठेवायच्या मोटारीला फिरायचं काय काम? उलट घरंगळून पडायची भीती गेली.

पुढचं झाकण बसवताना उजव्या हाताची तर्जनी त्यालाच चिकटली. पाऊण तास मी बोटाला मोटार लावून घरभर फिरत होतो. बायकोने नेलपॉलिश काढायचं औषध लावून सुटका केली. मग ती बाटली टेबलावर माझ्या हाताशीच ठेवून गेली.

११ एप्रिल, मंगळवार.

लेख भित्तिपत्रकात लागला. साहेब स्वतः येऊन म्हणाले, तुमच्यात हे गुण आहेत याची कल्पना नव्हती. एखादी मोटार ऑफिसात आणा, म्हणाले. मी म्हटलं, एखादी कशाला, पंधरा आणतो. १ मेची सुट्टी झाली की २ तारखेला लॉबीतल्या काचेच्या कपाटात मांडायच्या, असं ठरलं. खाली पाटी: 'निर्मिती', आणि माझं नाव. आता माघार नाही. माघारीचा प्रश्नही नाही.

१३ एप्रिल, गुरुवार. सकाळी ७.

रंगकाम. बहुतेक लोक आधी रंगवून मग जोडतात. मी आधी जोडलं. त्यामुळे सीटला ब्रश पोचत नाही. काडीला कापूस गुंडाळून प्रयत्न केला. कापूस आत राहिला. सीटवर पांघरूण घातल्यासारखं दिसतंय, वाईट नाही.

पुढची काच बसवली. बसवली तेव्हा स्वच्छ होती. चहा घेऊन आलो तर दुधासारखी पांढरी. या गोंदाच्या वाफेने असं होतं म्हणे. हे माहितीपत्रकात लिहिलेलं नसणारच, त्यामुळे ते न वाचून माझं काही नुकसान झालेलं नाही. थंडीतल्या पहाटेची गाडी आहे असं समजायचं.

१६ एप्रिल, रविवार.

आईकडे गेलो. मदतीला नव्हे, स्वतःच्या जुन्या कामाचा अभ्यास करायला. चौदा मोटारी पाहिल्या आणि थक्क झालो. दारं उघडतात. एकीचं स्टिअरिंग वळवलं की पुढची चाकं वळतात. काचा आरशासारख्या. सात वर्षांचं पोर होतो मी. कुठे गेले ते हात, असं मोठ्याने म्हणालो.

आई कप कागदात गुंडाळत होती. म्हणाली, हात नाही, पाय. त्या उन्हाळ्यात तू भिंतीवरून पडलास, मांडीपर्यंत प्लास्टर होतं. तीन महिने खाटेवर. ताई शेजारी बसून करायची. प्लास्टर काढलं त्याच शनिवारी बाबांनी पंधरावं खोकं आणलं, ते मग कुणी उघडलंच नाही.

आईचं वय झालंय. त्यातून घर बदलायची दगदग. शिवाय प्लास्टर पायाला होतं, हातांना नव्हतं, हा मुद्दा तिच्या लक्षात आलेला दिसत नाही. मी तिला तो सांगितला. ती म्हणाली, बरं, आणि आणखी कप दे म्हणाली.

१७ एप्रिल, सोमवार.

शांतपणे विचार केला. ताईचा काही सहभाग असू शकतो. मोठ्या कामात मदतनीस असतातच. पण कुठली मोटार आधी करायची, रंग कुठला, हे कोण ठरवत होतं? लाल पाहिजे म्हणून मी रडलो होतो, हे मला स्पष्ट आठवतंय. म्हणजे दिग्दर्शन माझं.

लॉबीच्या पाटीवर 'निर्मिती' हाच शब्द राहू द्यावा. तो पुरेसा व्यापक आहे.

२० एप्रिल, गुरुवार.

मोटार पूर्ण. सात भाग उरले. कंपनीने जास्तीचे दिलेले दिसतात. स्टिअरिंग त्यात नाही, ते कुठे गेलं देव जाणे. बायको म्हणाली, केर काढताना काहीतरी वाटोळं होतं खरं.

मोटार डावीकडे कलते. पाहणाऱ्याने मान थोडी तिरकी केली तर कळत नाही.

२१ एप्रिल, शुक्रवार.

साहेबांनी विचारलं, पंधरावी कुठवर आली. मी म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय. संध्याकाळी टेबलाशी बसून तिच्याकडे पाहिलं. पाहता पाहता मागचा बंपर गळून पडला. मी हातसुद्धा लावला नव्हता.

बायको म्हणाली, ताईंना बोलवा. मी नाही म्हटलं. तेवढ्यात तिने मोटारीचा फोटो ताईला पाठवलासुद्धा. ताईचं उत्तर आलं, पुढची बाजू कुठली? मग दुसरं, रविवारी येते.

येऊ दे. माझ्या देखरेखीखाली थोडं काम करायला हरकत नाही.

२३ एप्रिल, रविवार. दुपारी १.

ताई नऊला आली. चष्मा बदलला, मोटार उचलून सगळीकडून पाहिली आणि ती सरळ फ्रीजरमध्ये ठेवली. मी म्हटलं, हे काय. ती म्हणाली, गार पडला की हा गोंद ठिसूळ होतो. अर्ध्या तासाने तिने मोटार बाहेर काढली आणि टकटक करत एकेक भाग सोडवला. कवळ्यांचं काम करणाऱ्यांना अशा युक्त्या माहीत असतात. काच टूथपेस्टने घासली, ती लख्ख झाली. माझे उरलेले सातही भाग तिने न विचारता जागच्या जागी बसवले. ते जास्तीचे नव्हते. स्टिअरिंग तिने तारेचं केलं.

मी शेजारी बसून सूचना देत होतो. ती हं म्हणत होती आणि दुसरंच करत होती.

मग तिने स्वतः आणलेली गोंदाची नळी उघडली. डोळे मोटारीवर, आणि झाकण न पाहता डावीकडे धरलं. माझा तळहात तिथे आधीच होता. मी झाकण मुठीत घेतलं. थेंब टाकून तिने नळी माझ्याकडे केली, मी झाकण लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा दिलं. असं तासभर. माझ्या हाताला हे काम तोंडपाठ होतं. मोटारीचं दुसरं कुठलंही काम त्याला येत नव्हतं.

ताई गेल्यावर बायकोने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही.

२६ एप्रिल, बुधवार.

तीन दिवस विचार करून एक थोर निर्णय घेतला आहे. रविवारी आईसमोर पंधराच्या पंधरा मोटारी ताईला देऊन टाकायच्या. एक छोटं भाषण करायचं. सत्य सांगायला धैर्य लागतं, अशी सुरुवात. ऑफिसच्या पाटीवर तिचं नाव टाकायचं, खाली लहान अक्षरांत 'संकल्पना' म्हणून माझं. ताईला भरून येईल. रुमाल जास्तीचा न्यावा.

२९ एप्रिल, शनिवार.

भाषण आरशासमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा मलाच गहिवरून आलं. बायको म्हणाली, त्यांना मोटारी हव्यात का, हे विचारलंत का. काही माणसांना मोठेपणा समजतच नाही.

३० एप्रिल, रविवार. संध्याकाळी ६.

आईचं सामान बांधून झालं होतं. ताई मोटारी कागदात गुंडाळून खोक्यात भरत होती. मी उभा राहिलो आणि म्हटलं, सत्य सांगायला धैर्य लागतं. मग सगळं सांगितलं आणि मोटारी तिच्या स्वाधीन केल्या.

ताई म्हणाली, नको रे बाबा, मला काय करायच्यात. मोटारी तिला कधी आवडल्याच नव्हत्या. हे तिने अगदी सहज, हातातलं काम न थांबवता सांगितलं. त्या उन्हाळ्यात तिचं नाव पोहण्याच्या वर्गात घातलं होतं. अकरा वर्षांची होती. पोहण्याचा निळा पोशाख आणला होता, तो ती रोज फ्रॉकच्या आत घालून बघायची. सोमवारी वर्ग सुरू व्हायचा होता आणि आदल्या शनिवारी मी भिंतीवरून पडलो. आई-बाबा दोघंही कामावर. एकटा ठेवला की मी घर डोक्यावर घ्यायचो. मोटार समोर असली की तेवढा गप्प बसायचो. म्हणून एक झाली की दुसरी. पाहुण्यांना मी माझ्या म्हणून दाखवायचो, तेव्हा बाबांनी तिला डोळ्यांनीच सांगितलं होतं, राहू दे. तिने राहू दिलं.

हे सगळं सांगताना ती हसत होती.

मी विचारलं, मग पोहायला नंतर शिकलीस का. ती म्हणाली, नाही रे, राहिलंच ते. पुढच्या वर्षी पोशाख तोकडा झाला. आणि मला दोरी मागितली.

रुमाल कुणालाच लागला नाही. खाली सामान नेताना सगळ्यात जड खोकं मी न सांगता उचललं. हे मुद्दाम नोंदवतो, कारण बायकोचा विश्वास बसलेला नाही.

साहेबांना परवा काय सांगायचं ते सुचत नाही. मोटारी घरी आणल्या आहेत, सगळ्या. खोकं पलंगाखाली सरकवलं. दोरी सोडलेली नाही.