जमीन उघडेपर्यंत

स्टेनर्ड, नॉर्थ डकोटा
१२ फेब्रुवारी १९६१

चि. सिन्नी हिला ताईचे अ. उ. आ.

बाबांना शुक्रवारी हॉस्पिटलातून घरी आणलं. उजवा हात लुळाच आहे आणि वाचा गेली ती गेलीच. काही विचारलं की नुसतं 'या, या' म्हणतात, म्हणजे हो. पाणी हवं तरी हो, नको तरी हो. बोललेलं मात्र सगळं कळतं असं डॉक्टर बेन्सन म्हणाले.

आई गेल्याचं त्यांना हॉस्पिटलातच सांगितलं होतं, तुला माहीतच आहे. त्यांनी डोळे मिटून घेतले, एवढंच. आता तो विषय घरात काढायचा नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे; दुसरा झटका आला तर संपलंच म्हणाले. आई अजून चर्चमागच्या दगडी खोलीत आहे. जमीन लोखंडासारखी झालीय, वसंत आल्याशिवाय कुदळ लागणार नाही. या हिवाळ्यात गेलेले आणखी दोघं तिच्या सोबतीला आहेत.

पण एक नवल सांगते. संध्याकाळी दिवे लावले की बाबा गातात. आपलं जुनं नॉर्वेजियन भजन, चर्चमध्ये चाळीस वर्षं सगळ्यांच्या पुढे होऊन जे ते धरायचे तेच. शब्द लोण्यासारखे ओघळतात, पण सूर जिथल्या तिथे. शेजारच्या बायका ऐकायला येतात आणि एप्रनला डोळे पुसतात. मला वाटतं, त्यांनी देवाशी समेट केलाय. तेवढाच आधार.

तब्येतीची हेळसांड करू नकोस. माया आहे, ती अशीच राहील.
तुझी ताई,
राग्ना

लिंडेन फॉल्स, मिनेसोटा
२४ फेब्रुवारी १९६१

ति. राग्नाताईस सिन्नीचा सप्रेम न. वि. वि.

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं, रागावू नकोस. आमचं कॉलेज एवढंसं की संगीत शिकवणारी मी, मानसशास्त्राचे डॉ. वीव्हर आणि नॉर्वेजियन भाषा शिकवणारा ऑडुन रोज एकाच टेबलावर सूप पितो. बाबा गातात म्हटल्यावर वीव्हरांनी चमचा खाली ठेवला. ते म्हणाले, बोलणं आणि गाणं डोक्यात वेगवेगळ्या घरी राहत असावं. एक घर जळलं तरी दुसरं शाबूत राहतं. पुस्तकांत असं लिहिलंय की अशी माणसं फक्त पाठ असलेलंच गातात, स्वतःचा एकही नवा शब्द त्यांना जोडता येत नाही. पण नीट ऐकलंय कुणी, असा त्यांचा प्रश्न आहे.

तेव्हा आम्ही तिघांनी मिळून हे काम करायचं ठरवलंय. सूर मी बघणार, शब्द ऑडुन, डोकं वीव्हर. डीनसाहेबांनी विचारलं की या लग्नात नवरदेव कोण. मी ईस्टरच्या सुट्टीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन येऊ का? तुला आवडणार नाही हे ठाऊक असून विचारते आहे.

ऑर्विल भावोजींना नमस्कार. लोभ कमी करू नकोस, रागावलीस तरी.
तुझी,
सिन्नी

स्टेनर्ड
३ मार्च १९६१

चि. सिन्नीस अ. उ. आ.

बाबा म्हणजे बेडूक नव्हे, फळीवर टाचण्या मारून बघायला. आयुष्यभर ज्या माणसाने देवापुढे गायलं, त्याच्या तोंडाशी मोडक्या काळात यंत्र धरायचं, हे तुम्हा शिकलेल्यांनाच सुचावं. असं मी ऑर्विलला म्हटलं. तो म्हणाला, सिन्नी परकी आहे का? तिचेही बाबाच आहेत. नवऱ्याने बहिणीची बाजू घेतली की बाई एकटी पडते.

ये तू. पण एकटी. तुझे डॉक्टर-बिक्टर नकोत, आणि यंत्र दाराआड ठेवायचं.

आईला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माती द्यायची असं पाद्रीबाबांशी ठरलंय. बेन्सन म्हणतात, बाबांना नेऊ नका, सांगूही नका. मीही तेच ठरवलंय. तू यावर वाद घालू नयेस.

आशीर्वाद आहेतच.
राग्ना

लिंडेन फॉल्स
१४ एप्रिल १९६१

ति. ताईस सप्रेम न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. फोन केला असता, पण तुमच्या तारेवर सात घरं कान लावून असतात, आणि हे फक्त तुझ्यासाठी आहे.

घरून परत आल्यावर मी बाबांचं गाणं स्वरांत उतरवायला बसले. सूर चोख होता. पण तिसऱ्या ओळीत एका स्वराचे दोन तुकडे होत होते; तिथे अक्षरं जास्त येत होती, आणि रोज त्याच जागी. चाळीस वर्षं गाणं धरणारा माणूस तिथे चुकणार नाही. मग मी ती फीत ऑडुनकडे नेली. त्याने दोनदा ऐकली आणि विचारलं की आपले आजोबा कुठल्या खोऱ्यातले. मी नाव सांगितलं. आई-बाबा आपापसात जी बोली बोलायचे आणि आपण खोलीत शिरलो की थांबवायचे, ती ही बोली. ऑडुनची आजी तीच बोलायची.

तो उठला. खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, हे भजन नाही. चाल भजनाची आहे, शब्द यांचे स्वतःचे आहेत. ते विचारताहेत की जमीन उघडली का. गुनहिल कुठे ठेवलीय. आणि तिसऱ्या ओळीत म्हणतात की मला सोडून तिला पुरू नका.

ताई, त्या ओघळत्या शब्दांत आपल्या आईचं नाव ते रोज घेत होते आणि आपण सगळे शेजारी बसून मान डोलावत होतो. मीसुद्धा, यंत्र घेऊन बसलेली. हिवाळ्यात जमीन उघडत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? दर वसंतात त्या खोलीतली माणसं मातीला देताना गाणं बाबाच धरायचे.

पुस्तकं खोटी ठरवणारी फीत वीव्हरांच्या हातात होती. त्यांनी ती उतरवून डबीत ठेवली आणि एवढंच म्हणाले की लेखाचं नंतर बघू, आधी बहिणीला कळवा.

बेन्सन म्हणतात ते खोटं नसेल. पण ते बाबांच्या उशाशी रात्रंदिवस नाहीत, तू आहेस. तू ठरवशील ते मला मान्य. पण बाबांना उत्तर दे.

तुझी,
सिन्नी

स्टेनर्ड
२ मे १९६१

चि. सिन्नीस अनेक आशीर्वाद.

पूल पाण्याखाली गेल्याने तुला स्टेशनवरून परतावं लागलं, म्हणून सगळं लिहिते. नदी चढायला लागली तसं पाद्रीबाबांनी ठरल्यापेक्षा आधीचाच दिवस धरला. रस्ते बुडाले की पुन्हा महिनाभर काही झालं नसतं. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.

पत्र मी गोठ्यात उभ्याउभ्याच वाचलं आणि खाली बसले. मग तशीच आत जाऊन बाबांसमोर खुर्ची ओढली. गाऊन सांगावं की बोलून ते कळेना. बोलूनच सांगितलं. म्हटलं, बाबा, आई चर्चमागच्या खोलीत आहे, पेटीला कुणी हात लावलेला नाही. जमीन आता उघडलीय. उद्या दुपारी. तुम्ही येणार का? त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, दुखेपर्यंत. 'या' म्हणाले. या वेळी ते नुसतं तोंडाला आलेलं नव्हतं.

बेन्सन आले, चिडले. म्हणाले, काही झालं तर माझ्याकडे येऊ नका. मी म्हटलं, येणार नाही. ऑर्विलने आणि शेजारच्यांनी बाबांना खुर्चीसकट चिखलातून उचलून नेलं. पेटी उतरवली तेव्हा पाद्रीबाबांनी भजन सुरू करायला तोंड उघडलं आणि थांबले, कारण बाबांनी आधीच सुरू केलं होतं. सूर थोडा खाली होता. शब्द मात्र भजनाचेच, शेवटपर्यंत. गर्दीला त्यांच्यामागून गायची सवय आहे, तेवढंच लोकांनी केलं. मला गाता आलं नाही.

झटका आला नाही. पण त्या दिवसापासून बाबा संध्याकाळी गात नाहीत. मुकाट बसतात. चेहरा शांत आहे, पण घर फार गप्प झालंय.

त्या फितीतलं काही छापायचं नाही, सिन्नी. तो प्रश्न आपल्याला विचारलेला होता.

तुझी आठवण रोज येते, एवढं ओळखून घे.
राग्ना

लिंडेन फॉल्स
११ मे १९६१

ति. ताईस सप्रेम न. वि. वि.

तुझं पत्र मी दार लावून वाचलं. तू केलंस ते मला जमलं नसतं.

वीव्हरांना तुझं म्हणणं सांगितलं. त्या फितीशिवाय आमच्या हातात काहीच नाही. गाणं पाठ होतं, गायलं, एवढंच लोक म्हणतील. तरी ते म्हणाले की फीत ना त्यांची, ना माझी, ना तुझी. ज्यांची आहे त्यांना विचारा. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती बाबांना सांग. इथे हॉस्पिटलात वाचा गेलेल्या बऱ्याच जणांना घरचे वेडे समजतात. चालीवर नवं वाक्य बांधता येतं हे सिद्ध झालं, तर त्यांना तसं शिकवता येईल. माना डोलावणाऱ्या आपल्यासारख्यांनाही काही शिकवता येईल.

बाबा नाही म्हणाले तर फीत तुझ्याकडे पाठवते. पुन्हा विचारणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
सिन्नी

स्टेनर्ड
५ जून १९६१

चि. सिन्नीस अ. उ. आ.

विचारलं. जेवायला बसलो होतो. आईबद्दलचं ते गाणं कॉलेजला द्यायचं का म्हटलं, तर मान हलवली; हल्ली तेवढं जमतं. नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. मला वाटलं, झालं. मग हॉस्पिटलातल्या त्या लोकांचं सांगितलं, ज्यांना वेडं समजतात त्यांचं. चमचा तसाच हातात धरून ते कितीतरी वेळ दाराकडे बघत राहिले.

मग बटाट्याचं सूप चाखलं आणि गायला लागले. सहा-सात आठवड्यांत पहिल्यांदा. चाल तीच. शब्द मला कळेनात, पण मधला 'सॉल्ट' कळला, तो इंग्रजीत आणि त्यांच्या बोलीत एकच आहे. मी चाखून बघितलं. मीठ खरंच नव्हतं. ऑर्विलही खात होता, त्याची बोलायची हिंमत झाली नव्हती.

मी मीठ आणायला उठले तर बाबांनी माझा हात धरून बसवलं आणि तू दाराआड विसरून गेलेल्या यंत्राकडे बोट केलं. ऑर्विलने ते टेबलावर, सुपाच्या भांड्याशेजारी आणून लावलं. बाबांनी घसा साफ केला, अगदी रविवारी करायचे तसा, आणि पहिल्यापासून पुन्हा गायले. या वेळी शेवटी माझं नावही घातलं.

फीत सोबत पाठवत आहे. ही छापा. ऑडुनला सांग, सगळा अर्थ नीट लावून मला कळवायचा; मिठाशिवाय आणखी काय काय म्हणालेत ते मला कळलं पाहिजे. आईची ती फीत परत पाठव.

आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.
तुझी ताई,
राग्ना