खंडेनवमीला न दिलेला हूक

मल्लेश्वरम, बंगळूर
संक्रांतीचा दुसरा दिवस, १९९६

प्रिय अरविंद,

मळ्यातल्या रस्त्यावर टिकेल असं ट्रेलरचं कपलिंग कुठलं, ते भावोजींना विचारून कळव, असं तू लिहिलंस. तुझ्या पायाने अजून क्लच दाबवत नाही, वाणीसारखी तुझी बायको जीपला हात लावायला तयार नाही, आणि तुला कपलिंग हवंय! शिवाय आमच्या हार्डवेअरच्या दुकानात तुझे भावोजी नुसते गल्ल्यावर बसतात, माल मीच निवडते, हे तुला ठाऊक आहे. तर ऐक. गोळा-वाटीचं घेऊ नकोस. डांबरी रस्त्यावर ते गुण्यागोविंदाने चालतं, आवाजसुद्धा करत नाही. पण सकलेशपूरच्या त्या चाकोऱ्यांत जीप एका अंगाला कलते, ट्रेलर दुसऱ्या, आणि वाटी गोळ्यावरून उचलली जाते. तुला मिलिटरी हूकच हवा. जीपला हूक, ट्रेलरच्या दांडीला जाड कडी. ट्रेलर कितीही वाकडातिकडा झाला तरी कडी हुकात फिरते, आणि हुकाचं तोंड मिटून खीळ घातली की सुटत नाही. खडखड करतो मेला, करू दे. बंपरला नको, चॅसीला लाव, मागून जाड पत्रा देऊन. आणि खाली दोन साखळ्या.

पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? हे सगळं आपण दसऱ्याआधीच ठरवलं होतं, आता तू नव्याने विचारल्यासारखं करतोस. हूक दुकानात येऊन पडला होता. तू तो न्यायला आलास नेमका खंडेनवमीला, आणि मी तो सकाळीच पूजेत मांडून मोकळी झाले होते. पाने, हातोडे, तराजू आणि मधोमध तुझा नवा हूक, हळदकुंकू लावलेला, झेंडू वाहिलेला. पूजेतलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही, हे आपल्या आप्पाजींपासून चालत आलेलं. फवारणीला माणसं खोळंबलीत, अक्का, स्वल्प ॲडजस्ट कर, असं तू किती विनवलंस. हेसुद्धा म्हणाले, नमस्कार करून देऊन टाक. मी ऐकते होय कुणाचं! इतकी वर्षं जुनं चाललं, एका दिवसात काय मोडतंय, हे माझेच शब्द. वर तुझ्या जीपपुढे कोहळा फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. तू हसलास, पोटभर जेवलास आणि जुन्याच कपलिंगवर ट्रेलर घेऊन गेलास.

दसऱ्याच्या दिवशी मळ्याच्या चढावर वाणी जीप चालवत होती आणि ट्रेलर मागे घसरू नये म्हणून तू नेहमीसारखा चाकाला उटी लावायला दगड घेऊन मागून चालत होतास. वाटी निसटली आणि पंपासकट ट्रेलर तुझ्या पायावर आला. हॉस्पिटलात वाणी माझ्या गळ्यात पडून रडली, वन्सं, हूक येईपर्यंत मी जपून चालवायला हवं होतं, माझाच क्लच सुटला असणार म्हणाली. तेव्हा मला कळलं की हूक अजून आलाच नाही असं तू तिला सांगितलं होतंस. नणंदेवर तिचा राग नको, म्हणून. मी तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला स्वतःची लाज वाटते रे.

काल हळदीकुंकवाला ती मुद्दाम एवढ्या लांबून बसने आली. तिळगुळाचं आणि तीळ-खोबऱ्याच्या एळ्ळुबेल्लाचं ताट तिनेच फिरवलं. शेजारच्या सुनंदाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, बाईच्या हाती जीप दिली की असंच व्हायचं. बायका हसल्या. वाणीने मान वर केली नाही. आणि मी, जी भाजीवाल्याला एक चुकीचं वाक्य बोलू देत नाही, ती मुकाट्याने वाणं वाटत राहिले. निघताना पाया पडून ती म्हणाली की आता जीप विकून टाकायची. मळ्यातल्या काफीच्या झाडांना बहरासाठी पाणी द्यायचे दिवस तोंडावर आले, अरविंद. ती चालवणार नसेल तर तुमचा पंप मळ्यात नेणार कोण, आणि तुम्ही खाणार काय? हूक तिच्याबरोबरच पाठवणार होते, कागदात गुंडाळूनही ठेवला होता. पण तो तिच्या हातात देताना काय सांगितलं असतं?

म्हणून हे पत्र. तू सारवासारव करशील, ते नको. पहिल्या ओळीपासून तिला मोठ्याने वाचून दाखव, कारण काल तिच्या तोंडावर बोलायचं मला धैर्य झालं नाही. वाणी, हूक आला होता. मी तो दिला नाही. तुझा क्लच सुटला नव्हता. शुक्रवारी त्याच सगळ्या बायकांना मी पुन्हा घरी बोलावलंय आणि हेच त्यांना माझ्या तोंडाने सांगणार आहे. तू मला माफ केलं नाहीस तरी मी काही म्हणणार नाही. पण जीप विकू नकोस गं. चालव.

तुझीच,
अंबूअक्का