कोपीचे दात आणि उपासाचं रताळं

तीर्थरूप स्मिताताई,

बिशानहून संजीवचा वाकून नमस्कार (कंबर हल्ली जेवढी वाकू देते तेवढाच). तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस असं तुला सांगून उपयोग नाही, तरी सांगतो, चढू नकोस. इकडे सगळे खुशाल. अंकुरची बँक, सूनबाईंचं ऑफिस, जाईची शाळा, सगळं घड्याळाच्या काट्यावर चाललंय. माझीही तब्येत ठणठणीत आहे. फक्त छातीत धडधडतं आणि जेवण जात नाही. त्याचं कारण आमची कुत्री आहे.

कोपी तुला व्हिडिओ कॉलवर मागे लोळताना दिसते, तीच. म्हातारी पूडल, तपकिरी लोकरीची. इथे कॉफीला कोपी म्हणतात म्हणून नातीने ठेवलेलं नाव. मला कुत्र्यांचं वेड नाही हे तू जाणतेस. आल्या दिवशीच मी घरात बजावलं होतं की तिने तिच्या जागी राहावं, मी माझ्या. आता सोफ्याचा डावा कोपरा ही आम्हा दोघांचीही जागा निघाली, त्याला मी काय करणार? दिवसभर फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच असतो. तर दिवाळीनंतर तिच्या तोंडाला वास यायला लागला. साधासुधा नव्हे; ती जांभई द्यायची आणि मी उठून खिडकी उघडायचो. अंकुरने डॉक्टरीणबाईंना दाखवलं (तरुण चिनी मुलगी, आवाज अगदी मऊ, मऊ बोलणाऱ्या डॉक्टरांची मला भारी धास्ती वाटते). त्यांनी ओठ वर करून दाखवला तर दाढांवर पिवळं किटण, हिरड्या लालभडक. रोज दात घासत नव्हता का, असं त्यांनी विचारलं आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो.

मग घासण्याचं खातं माझ्याकडे आलं, कारण घरात रिकामा मीच. मी आपलं माझं दंतमंजन काढलं, तर सूनबाई क्षिप्रा केवढ्याने ओरडली! माणसांची पेस्ट कुत्र्यांना विषारी ठरू शकते म्हणे, त्यांची वेगळी मिळते. ती आणली. ताई, ती कोंबडीच्या चवीची! जन्मात अंड्याला हात न लावलेला मी, रोज पूजेच्या आधी बोटात रबरी ब्रश घालतो, त्यावर कोंबडी लावतो आणि कुत्रीपुढे मांडी घालून बसतो. (पूजा आता नंतर. आंघोळही नंतर. देवाला परिस्थिती समजावून सांगितली आहे.) पहिले काही दिवस ती पेस्ट चाटून घ्यायची आणि तोंड मिटायची, झालं. मी जबडा उघडायला गेलो तर ती सोफ्याखाली. मग मीच तिच्यापुढे आ करून बसायला लागलो, तशी ती बघत राहायची आणि तेवढ्यात मी ओठ उचलून बाहेरच्या बाजूने घासून घ्यायचो. एकदा जाईने हे पाहिलं. आजोबा, लाइक दॅट आल्सो कॅन आ (इथल्या इंग्रजीत, असंही चालतं का), म्हणाली आणि फोनवर फिल्म काढून वर्गभर पाठवली. पाठवू दे. पण आता कोपी माझ्याकडून दात घासून घेते, बाकी कोणाला हात लावू देत नाही, एवढं मात्र लिहून ठेव.

इतकं करूनही डॉक्टरीणबाई म्हणाल्या की जुनं किटण ब्रशने निघायचं नाही, पूर्ण भूल देऊन खरवडावं लागेल, दोन दाढाही काढाव्या लागतील. त्यात तिच्या हृदयातून बारीक आवाज येतो. रिस्क लहान आहे, म्हणाल्या. लहान? अहो, कुत्रीच केवढीशी आहे! तिला लहान रिस्कही पुरते. तू जन्मभर लोकांना भूल देत आलीस, तुला यात काही वाटायचं नाही. मला मात्र त्या दिवसापासून घास उतरत नाही. मी अंकुरला म्हटलं, राहू दे, वास तर वास, मी खिडकीत बसतो. तो म्हणाला, बाबा, हिरड्यांतला पू असाच राहिला तर हृदयालाच धोका आहे. म्हणजे करावं तरी पंचाईत, न करावं तरी पंचाईत.

शेवटी परवाचा दिवस ठरला. कोपीने उपाशीपोटी यायचं, असं मला दोघांनी दहादा सांगितलं आणि ऑफिसला गेले. (एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, कुत्रं चालत नाही, म्हणून तिच्यासाठी खास टॅक्सी यायची होती. मी या देशात बसने फिरतो.) आता तूच सांग, आपल्या घरात उपास म्हणजे काय? त्यात त्या दिवशी संकष्टी, मीही उपाशी. मी दोन रताळी उकडली, एक मी खाल्लं, एक साजूक तुपाचा थेंब टाकून तिला कुस्करून दिलं. भगरही होती, पण म्हटलं, जड नको. दवाखान्यात नर्सने विचारलं, काही खाल्लंय का? मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, नो नो, फुल फास्टिंग, ओन्ली स्वीट पोटॅटो. ताई, नर्सने हातातलं पेन खाली ठेवलं आणि ती आतून डॉक्टरीणबाईंनाच घेऊन आली. भुलीत पोटातलं घशाशी येऊन जीव जाऊ शकतो, हे डॉक्टरीणबाईंनी मला अगदी मऊ आवाजात समजावून सांगितलं आणि परत पाठवलं. घरी अंकुर बोलला नाही, क्षिप्रा फार बोलली. जाई रडली. मी आपला, मराठी माणूस आहे, उपासाला चालतं ते दिलं, असं म्हणत राहिलो. शेवटी क्षिप्रालाच हसू फुटलं आणि तिने तिच्या आईला फोन करून सगळं रंगवून सांगितलं. आता येत्या मंगळवारची तारीख मिळाली आहे. आणखी पुढे ढकलू नका असं बजावलंय.

बाकी सर्व ठीक. मुकुलरावांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
संजीव

ता. क. मंगळवारी दोघांनाही सुटी नाही, मीच तिला नेणार आहे. खरं सांग, म्हातारी, हृदयात आवाज असलेली, मांडीवर मावेल एवढी, अशी उठते ना गं भुलीतून? कुत्र्यांचं माहीत नसेल तर माणसांचं सांग.

आणखी एक ता. क. हे वाचून झालं की फाडून टाक. रताळं मी चुकून दिलं नाही. उपाशीपोटी म्हणजे काय हे मला न कळायला काय झालं? माझ्या बायकोच्या, नंदाच्या, ऑपरेशनच्या सकाळी मी तिला पाण्याचा घोटसुद्धा घेऊ दिला नव्हता. सगळं नियमाप्रमाणे केलं, आणि ती उठली नाही. परवा मी पट्टा हातात घेतला तर कोपी फिरायला जायचंय असं समजून दारात नाचायला लागली. मला ते जमेना गं. मराठी माणसाने उपासाला रताळं दिलं तर कोणाला संशय येत नाही. मंगळवारी काही देणार नाही, शब्द देतो. फक्त ती उठेल, एवढं तू मला सांग. आणि खोटं सांगायचं असेल तर फोनवर सांगू नकोस, तुझा आवाज मला लगेच कळतो. लिहून पाठव.