खालचा शब्द आधी

ता. ३ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि पिवळा स्वेटर दोन्ही पोचलं. स्वेटर उबदार आहे, पण तो घालून ऑफिसला गेले तर आमच्या शिपायाने रस्त्याच्या पार पलीकडून सलाम ठोकला. एवढ्या लांबून ओळखू यावं अशी माझी काही इच्छा नव्हती.

अप्पांबद्दल लिहायचं आहे. गेले काही रविवार ते न सांगता बाहेर पडत होते. घरात असले की या खोलीतून त्या खोलीत, खिडकीशी, परत दाराशी. विचारलं तर म्हणत, पाय मोकळे करतोय. परवा मी त्यांच्या मागोमाग गेले. हे मला शोभत नाही हे कळत होतं, तरी गेले. शहराबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर एक पत्र्याची शेड आहे. आत एक दंतवैद्य, एक शिंपी आणि बँकेतले दोघे कोपरापर्यंत ग्रीस माखून काम करत होते आणि मधोमध खुर्चीवर अप्पा, व्याह्यांच्या थाटात. त्या मंडळींचा ऑटोजायरोचा क्लब आहे. अप्पा युद्धात चालवायचे तसलं यंत्र त्यांनी जुन्या फोटोंवरून नव्याने बांधलंय.

मी त्याला हेलिकॉप्टर म्हणाले आणि फसले. अप्पांनी तिथेच शिकवणी घेतली. हेलिकॉप्टरच्या डोक्यावरची पाती इंजिन फिरवतं. ऑटोजायरोची पाती सुरुवातीला इंजिनाने फिरवून द्यायची, मग उडताना ती नुसत्या वाऱ्यावर फिरत राहतात आणि इंजिन यंत्राला फक्त पुढे नेतं. म्हणजे सतत पुढे सरकत राहायचं. मात्र समोरून चांगला वारा असला की ते हवेत जवळजवळ उभं राहतं. लष्कराला हवं होतं ते हेच. अप्पा ठरलेल्या खुणेवर संथ घिरट्या घालायचे आणि खाली रडारवाले पडद्यावरच्या त्यांच्या ठिपक्यावरून आपली यंत्रं जुळवायचे. आई रडारवर होती हे आपल्याला माहीत होतंच. पण तिने अप्पांना आधी कितीतरी दिवस ठिपका म्हणूनच पाहिलं होतं, हे मला परवा त्या शिंप्याने सांगितलं. घरातली गोष्ट बाहेरच्याकडून कळली याचं वाईट वाटलं. आपण कधी विचारलीच नाही, हेही खरं.

आता मुद्दा. महिनाअखेरीस क्लबचा मेळावा आहे आणि मैदानावर एक फेरी अप्पांनी मारायची असं ठरलंय. यंत्रात सीट एकच. अप्पांचा उजवा डोळा गेल्यात जमा आहे असा माझा संशय आहे. पाणी पेल्याच्या बाहेर ओततात आणि पेला सरकला म्हणतात. डॉक्टरांचं नाव काढलं की उठून जातात. तू थोरला आहेस, तुझं ऐकतील. नको म्हणून लिही.

मी चहाडी करतेय असं वाटलं तर तसं सांग, पण माया कमी करू नकोस.

तुझी
छोटी

*

ता. ११ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

चहाडी तर आहेच, पण चालेल. गोदीत दिवसभर जहाजांची इंजिनं उघडून बसतो, त्यात कुणी ऑटोजायरोबद्दल लिहितं ही मेजवानीच. लष्कराने या बिचाऱ्याला लग्नाला बोलावलं आणि जेवायला बसवलं नाही. निरोप न्यायला वापरून पाहिलं, तोफेचे गोळे कुठे पडतात ते बघायला वापरून पाहिलं, रडारसाठी तर राबवलं. मग हेलिकॉप्टर आलं आणि याची रवानगी भंगारात. अप्पांचं मन अजून तिथेच अडकलंय.

मी नको म्हणून लिहिणार नाही. लिहिलं तर ते दोन फेऱ्या मारतील. शिवाय हवेत ते यंत्र तू समजतेस तेवढं वाईट नाही. इंजिन बंद पडलं तरी पाती फिरत राहतात आणि ते अलगद खाली येतं. खरा धोका जमिनीवर. पाती पुरत्या वेगात येण्याआधीच पळवायला घेतलं तर एखादं पातं झुकतं, शेपटीवर आपटतं आणि यंत्र उलटतं. अप्पा तो वेग नुसता बघून ओळखायचे, वेग दाखवणाऱ्या काट्यावर त्यांचा कधी विश्वास नव्हता.

तेव्हा तू जा आणि जवळ उभी राहा. बाजारातली वजनं तपासणारी बाई तू, आता बापाला तपास. आणि एक विचारू? तुला ते पडतील याची भीती आहे, की ते घरात नसले तर येरझारा कुणाच्या ऐकायच्या, याची? रागावू नकोस. पिवळा स्वेटर घालून जा, म्हणजे हरवणार नाहीस.

पत्राला उशीर झाला तरी आठवण रोज काढतो, तूही काढत जा.

दादा

*

ता. ३० मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

काल मेळावा झाला. अप्पा उडाले नाहीत, आणि ते मी केलं.

सकाळपासून वारा चांगला होता. अप्पा पहाटेच दाढी करून तयार, जुनं चामडी जाकीट अंगात, सगळ्यांची चेष्टा करत होते. दंतवैद्याला म्हणाले, तुझ्या खुर्चीपेक्षा ही बरी, इथे तोंड उघडावं लागत नाही. यंत्रात बसले. मी उजव्या बाजूला दोरीच्या आत उभी राहिले, तू सांगितलंस तशी. इंजिन सुरू झालं, पाती फिरायला लागली. मी डोळे ताणून बघत होते. मला ती मंद वाटली. अप्पांनी मात्र हात वर केला, म्हणजे निघतो. दंतवैद्य बाजूला झाला आणि मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "अप्पा, थांबा!"

त्यांनी तत्काळ इंजिन बंद केलं. माझ्या दिशेला मान वळवून बराच वेळ बघत राहिले. मग उतरले, जाकीट काढून दंतवैद्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, तू जा. तो गेला, छान फेरी मारून आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अप्पांनीही.

तेव्हापासून मला चैन नाही. पाती खरंच मंद होती, की ती मंद असावीत असं मला वाटत होतं? मी रोज दुसऱ्यांचे तराजू जप्त करते. माझा तराजू आधीपासून एका बाजूला झुकलेला होता. महिनाभर मी त्यांना थांबवायचं कारणच शोधत होते. त्या म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्यात असा दिवस पुन्हा येणार नाही. दंतवैद्याला विचारायचं धाडस मला झालं नाही.

अप्पा रागावले असते तर बरं होतं. ते खुर्चीत बसून आहेत. फिरत नाहीत, खिडकीशी जात नाहीत. एकदा एक डोळा झाकून कॅलेंडरकडे बघत होते, मी आले तसा हात खाली घेतला. त्यांच्याऐवजी आता मीच या खोलीतून त्या खोलीत करतेय.

मी चुकले असेन तर स्पष्ट लिही. तुझा धाक आणि तुझी माया दोन्ही हवं आहे.

छोटी

*

ता. २ एप्रिल

चि. थोरल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, ओळी एकमेकींवर चढल्या असतील. समजून घे.

छोटीने तुला कळवलं असेलच. तू माझ्यामागे तिच्याशी काय खलबतं करतोस ते मला कळतं, पण तो हिशेब पुन्हा कधी. पाती पुरत्या वेगात होती. दंतवैद्य काट्याशीच वाकून उभा होता, तोही हेच सांगतो. छोटी चुकली.

मग मी का थांबलो, तर आमच्या तुकडीत रीतच तशी होती. खालचा शब्द आधी पाळायचा, का ते उतरल्यावर विचारायचं. वरच्याला आपलं सगळं बरोबर चाललंय असंच वाटत असतं. तुझ्या आईने एकदा चांगल्या वाऱ्यात मला उतर म्हटलं. उतरलो आणि तणतणत गेलो. ती शांतपणे म्हणाली, चूक माझ्याच यंत्रात होती, पण ती शोधायला तुम्ही खाली यायला हवे होतात. माणूस म्हणून आमची ती पहिली भेट.

तर मी थांबलो आणि छोटी कुठे आहे ते बघायला वळलो. आवाज उजवीकडून आला होता. उजवीकडे मला गवत दिसलं, म्हणजे हिरवं काहीतरी, आणि वर उजेड. छोटी दिसली नाही. मला वाटलं ती मागे गेली असेल. दंतवैद्य म्हणतो ती जागची हलली नव्हती, जेमतेम दहा पावलांवर होती. आणि अंगात तुझा तो पिवळा स्वेटर होता.

आणखी दोन क्षणांत मी निघालो असतो, रे. तिच्या बाजूला वळलो असतो तर?

उजवा गेलाच होता, आता डावाही धुरकटलाय; कॅलेंडरसमोर एकेक डोळा झाकून पाहिलं. डोळ्याच्या डॉक्टरांकडे येत्या सोमवारी जातोय. ऑपरेशन म्हणाले तर ऑपरेशन. दंतवैद्य जाकीट सांभाळून ठेवणार आहे, पुढचं पुढे. तुला आधी लिहिलं, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. आता हे पाकीट चिकटवतो आणि पलीकडच्या खोलीत जाऊन छोटीला सांगतो, की तू चुकलीस आणि बरं केलंस. ती केव्हाची येरझारा घालतेय, मला ऐकू येतंय.

तुम्हा दोघांचा जीव आहे माझ्यावर, तो तसाच असू द्या.

अप्पा