म्हसवडच्या नंबरावर औंधचे कुकर

औंध,
ता. १८ ऑगस्ट १९९६

चिरंजीव कुणाल यास (सांगलीत आता तुला शेठ म्हणतात असं ऐकलं, पण तुझं शेंबडं नाक मी पदरानं पुसलंय, तेव्हा चिरंजीवच बरं) थोरली मावशी हरणाबाई हिचा सप्रेम जय भीम. तू, तुझ्या आईचे गुडघे आणि तुझ्या दुकानातली भांडी सगळी धडधाकट असतील अशी आशा करते. माझे दात दोन उरलेत, तेही समोरासमोर नाहीत. बाकी झकास.

पत्र लालासाहेब लिहून देतायत, आमच्या गल्लीतले, फौजेतून रिटायर झालेले हवालदार. मी 'हाय' म्हटलं की ते 'आहे' लिहितात. मी म्हटलं, लिवा, भाचा माझा, भाषा तुमची. दीक्षाकडून लिहून घेतलं नाही, कारण पत्र तिच्याचविषयी आहे, आणि नात माझी असली तरी मधेच पेन ठेवून उठणाऱ्यांतली आहे.

तुझं कार्ड पोचलं. औंधच्या पुस्तकावर सहा महिन्यांत एकही ऑर्डर नाही, सबब पहिल्या तारखेपासून दीक्षाचं तुझ्या भांड्यांच्या ऑर्डरी गोळा करायचं काम बंद. आणि म्हसवडच्या केरबानं हद्द ओलांडून औंधपर्यंत विक्री केली म्हणून त्याला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस. पोरीनं कार्ड वाचलं. सायकल पुसली, भिंतीला लावली आणि माझं ओलं लुगडं तिच्यावर वाळत घातलं. एरवी त्या सायकलीला मी टेकले तरी ओरडते. तेव्हाच मला कळलं, कार्डात काहीतरी वाईट आहे.

आता ऐक. दिवाळीला आला होतास तेव्हा तूच मला समजावलं होतंस की भांड्यांच्या चित्रांची ही पुस्तकं सगळी सारखीच, तेच कुकर, तेच डबे, फक्त ऑर्डरच्या नंबराआधी एक अक्षर वेगळं. औंधच्या पुस्तकात औ, म्हसवडच्या पुस्तकात म. चिठ्ठी आली की अक्षर बघायचं आणि कुणी विकलं ते ओळखायचं. मी म्हटलं, यात काय मोठं, मी गल्लीतल्या वाकळा शिवते, ज्या घरची वाकळ त्या घरचा रंगीत दोरा कोपऱ्याला घालते, चाळीस वर्षांत एक वाकळ चुकीच्या घरी गेली नाही. तू हसलास. (ते हसणं मी जपून ठेवलंय. आज परत करते.)

दीक्षानं तिची वीस पुस्तकं बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवली. आमच्या घरात पुस्तकाला खरकटा हात लागत नाही, हे तुला सांगायला नको. तुझ्या पाठीत त्यापायी बसलेले धपाटे तुझ्या आईला विचार. ही पोरगी दर रविवारी त्यातलं एक कापडात गुंडाळून सायकलवर घेऊन निघायची, घरोघर बायांना दाखवायची, कुकरचं झाकण कसं लागतं ते हातवारे करून सांगायची. बाया लगेच कुठल्या ठरवतायत? त्या यायच्या मंगळवारी, बुधवारी, दुपारच्या, हाताला पीठ, हाताला हळद, "आवं हरणाआत्ती, ते पुस्तक परत एकदा बघू द्या की." दीक्षा तेव्हा वडूजला टायपिंगच्या क्लासला. मी फळीवरचं पुस्तक त्या हातांत द्यायचं? जीव गेला तरी नाही.

पण पौषात केरबा यमाईच्या जत्रेला आला होता. चार भाकऱ्या खाल्ल्या आणि त्याचं एक पुस्तक विसरून गेला. ते मी चुलीजवळ ठेवलं होतं. वरती तोच कुकर, तोच डबा. अक्षर मला दिसत नाही, चित्र दिसतं. तेच पुस्तक सगळ्यांना दिलं. बाया चित्रावर बोट ठेवायच्या आणि लालासाहेब चिठ्ठी भरून द्यायचे. फौजेत समोर दिसतं तेच लिहायची सवय. म दिसला, म लिहिला. (लालासाहेब म्हणतात यात त्यांची चूक नाही. नाहीच. पण हे वाक्य त्यांनी दोनदा लिहिलं होतं, एक खोडायला लावलं.) घरोघर शिट्ट्या वाजायला लागल्या आणि दीक्षा खूश, की आपले कुकर वाजतायत.

तू म्हणशील, पुरावा काय? चिठ्ठीवर पत्ता औंधचाच होता की! पण तुझ्या दुकानात म्हणे पत्ता फक्त माल धाडायला बघतात, विक्री अक्षरावरच धरतात. बरं. ते पुस्तक सोबत धाडते. कुकरच्या पानावर हळदीची अकरा बोटं आहेत. अकरा कुकर आले. डब्याच्या पानाला लसणाचा वास आहे, तो बनुबाईचा, तिनं सातच्या सात घेतले. ज्या पानावर डाग नाही त्या पानावरचं काही खपलेलं नाही. तुझ्या वहीशी ताडून बघ. बाबा रे, तुझं अक्षर पुस्तक ओळखतं, त्यामागची पायपीट ओळखत नाही.

चूक माझी आहे. शिक्षा करायची तर माझं काम बंद कर. मी कुठलं करते ते आधी शोध.

थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांना पापे. अंगानं नीट राहा.

तुझी मावशी,
हरणाबाई (अंगठा, हळदीचा नाही, शाईचा)

ता. क. केरबाचं घड्याळ परत मागू नकोस. त्यानं म्हसवडच्या बाजारात सगळ्यांना वेळ सांगून झालीय. आणि त्या चार भाकऱ्यांत मी मीठ विसरले होते, तरी तो काही बोलला नाही.

ता. क. दीक्षाच्या वीसच्या वीस पुस्तकांना मी कोपऱ्यातून हिरवा दोरा ओवलाय. एक पुस्तक हळदीच्या हातांसाठी वेगळं काढलंय. फळीकडे बघून मनातल्या मनात परवानगी घेतली.

ता. क. खरं काम हे. मला नवव्या पानावरचा कुकर पाहिजे. चिठ्ठी लालासाहेब भरत होते, पण अक्षर त्यांना लिहू दिलं नाही. सकाळपासून पाटीवर गिरवतेय; वरच्या दोन मात्रा शिंगांसारख्या झाल्यात, तेवढं गोड मानून घे. सत्तर वर्षांतलं पहिलं अक्षर आहे. ते कुणाच्या नावावर धरायचं ते आता तूच ठरव.

औ – ९