उंदरानं खाल्लेली वायर

वैभव,

तुज्या बहिणीच्या रानात पेरायला जायचं म्हणलं की आपला ट्रॅक्टर नेमका चालू होत न्हाई. आपल्या रानात मात्र कवाच रुसत न्हाई. उंदरानं वायर खाल्ली म्हणलास, म्हणून आज मीच बघितलं. चावी सोडून थेट सेल्फवर पाना टेकवला तर इंजन लगेच फिरलं, म्हंजी बॅटरी बी चांगली अन् सेल्फ बी. मग चावीची वायर धरून मागं गेलो. सीटखाली तिचं तुटकं टोक सापडलं, वर लाल टेप गुंडाळलेली. परवा तू हिरीवरच्या मोटारीला मारलीस, तीच. उंदीर वायर कुरतडतो, टेप मारत न्हाई.

वायर जोडली. ट्रॅक्टर घेऊन ईश्वरीच्या रानात चाललोय. रात्री ती आपल्याकडंच जेवायला हाय. उंदराचं तिला तूच सांग.

— बाबा