शनिवार संशोधनाचा

१ ऑगस्ट, शुक्रवार
कुलगुरूपदाचा पहिला दिवस. किळस आली. टेबलावर पुष्पगुच्छ, त्यांवर माश्या. खुर्चीच्या पाठीला आधीच्या कुलगुरूंच्या डोक्याचं तेल. मी मूळचा कॉम्प्युटर सायंटिस्ट. कुलगुरूपद हा साइड प्रोजेक्ट. ठरलं : आठवडाभर विद्यापीठ, शनिवार फक्त संशोधन. बायको म्हणाली, त्यापेक्षा घरी बस. तिला समजावणं मी कधीच सोडलंय.

२ ऑगस्ट, शनिवार
लॅबमध्ये जाणं झालं नाही. सत्कार. भाषणं ऐकून डोकं उठलं. हा शेवटचा.

२३ ऑगस्ट, शनिवार
सत्कार. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

११ सप्टेंबर
पार्किंगवर मीटिंग. दुपार गेली. विभागप्रमुख बिस्किटं चहात बुडवून भांडतात. बघवत नाही. वर वेळापत्रकाच्या तक्रारी. वेळापत्रक माणसांनी करायची गोष्टच नाही. मीच प्रोग्रॅम लिहितो.

२० सप्टेंबर, शनिवार
प्रोग्रॅम तयार. अप्रतिम. घरीच लिहिला, पण हे संशोधनच. शनिवार सत्कारणी.

६ ऑक्टोबर, सोमवार
नवं वेळापत्रक लागू. दिवसभर एकही खोली रिकामी नाही. डोळ्यांचं पारणं फिटलं. मुलं मात्र जिन्यात उभ्याउभ्या डबे खातात. आंबट वास वर केबिनपर्यंत. शिस्त म्हणून नाही.

७ ऑक्टोबर
माझी जुनी विद्यार्थिनी आली. हल्ली माझी लॅब ती सांभाळते. हळूच म्हणाली, "सर, यात जेवायची सुट्टीच नाहीये."
मी ऑप्टिमायझेशन समजावलं. तिनं ऐकून घेतलं.
"तुम्हीच शिकवायचात सर, आधी विचारा, हे कुणासाठी करतोय."
असलं ढिसाळ मी काही शिकवलेलं नाही.

९ ऑक्टोबर
कुलसचिवांनी परस्पर जुनं वेळापत्रक लावलं. बोलावून झापलं. त्यांनी शांतपणे आदेश पुढे केला. खाली माझीच सही. वाचत बसलो तर सह्या कधी करणार? वीट आला या माणसांचा.

१० ऑक्टोबर
ठरलं. राजीनामा. लॅबचं माझ्यावाचून अडलंय. बायको म्हणाली, आधी एकदा जाऊन तर ये.

११ ऑक्टोबर, शनिवार
गेलो. सगळे उठून उभे राहिले. फळा गच्च भरलेला. वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. एक ओळ कळेना. एक मुलगी दुसरीला काहीतरी समजावत होती, दुसरी मध्येच हसली. कशाला हसली तेही कळलं नाही.
माझ्या जुन्या विद्यार्थिनीनं खुर्ची दिली. "सर, काही काम होतं का?"
"इन्स्पेक्शन," म्हणालो.
मग आग विझवायचा सिलिंडर तपासला. भरलेला होता. छान, छान म्हणून बाहेर पडलो. कुणी थांबा म्हणालं नाही. दार लागायच्या आत त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.
गाडीत ड्रायव्हरनं विचारलं, कुठे घेऊ?
ऑफिसला म्हणालो.